आधी टीव्हीचा आवाज बंद करा

पत्र : ताई, मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आहे. मूळची साताऱ्याकडची. पहिली-दुसरी माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी गावानं लोकवर्गणीतून मोठा टीव्ही दिला. बाराखडीचा व्हिडिओ लावला की मुलं एका सुरात म्हणतात, पाहुणे खूश होऊन जातात. पण परवा मी फळ्यावर 'मोठी टोपली' लिहिलं, तर दुसरीच्या सतरापैकी पाच जणांनाच वाचता आलं. आता शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणतात, आणखी लाखभर जमवू आणि प्रत्येक मुलाला टॅब घेऊ. माझे सहकारी सर म्हणतात, स्वीडननं टॅब फेकून दिले, आपण कशाला घ्यायचे? मुलांचं वाचन ऐकणारं एक अ‍ॅप मी माझ्या फोनवर लावून पाहिलं. 'केळ' वाचताना आमची मुलं 'केय' म्हणतात, ते अ‍ॅप चूक धरतं. एक मुलगी रडलीच. गावाला हो म्हणू की नाही? एक शिक्षिका

मॅडम,

'सतरापैकी पाच' हे शब्द मी दोनदा वाचले. एका सुरात बाराखडी म्हणणाऱ्या वर्गाची परीक्षा सहसा कुणी घेत नाही. केंद्रप्रमुख येतात, ऐकतात, मान डोलावतात, शेरा लिहितात. तुम्ही फळ्यावर दोन अनोळखी शब्द लिहिलेत आणि जे दिसलं ते लपवलं नाहीत. निम्मं काम तिथेच झालंय, त्यामुळे रात्रीची झोप घालवू नका.

टॅबचं बोलण्याआधी उद्या एक करून बघा. तोच व्हिडिओ लावा, पण आवाज बंद ठेवा. मुलं तरीही म्हणतील, कारण ताल अंगात भिनलाय. मग मध्येच थांबवा, मागे न्या, 'के'वर आणून सोडा आणि एकेकाला विचारा, हे काय? काही मुलं गप्प राहतील. काही मनातल्या मनात 'क, का, कि, की' असं पहिल्यापासून सुरू करून, बोटांवर मोजत 'के'पर्यंत येतील. मुलांना ते गाणं येतं, आरती यावी तसं. गणपतीत चार वर्षांचं पोर पाचही आरत्या खडाखड म्हणतं, पण म्हणून त्याला वाचता येतं असं आपण समजत नाही. बाराखडीच्या बाबतीत मात्र फसतो.

यात टीव्हीवर फार राग धरू नका. मी नोकरीची पहिली आठ-दहा वर्षं हेच केलं, टीव्हीशिवाय. भिंतीवर तक्ता, हातात छडी, आणि चाळीस पोरं ओरडतायत. टीव्हीनं ती जुनीच चूक रंगीत केली आणि तिला संगीत दिलं. शिवाय एक सोय करून दिली जी माझ्याकडे नव्हती : माझा घसा बसला की बाराखडी थांबायची. तुमची थांबत नाही.

आता 'मोठी टोपली' का अडलं ते बघू. मो, ठी, टो, प, ली. पाच अक्षरं, पाच वेगवेगळ्या बाराखड्यांतली. व्हिडिओत 'मो' फक्त म, मा, मि, मीच्या रांगेत येतो, त्याचे शेजारी ठरलेले. मुलाला लागतं ते उलटं. मात्रा आणि काना मिळून 'ओ' होतो, मग ते म ला लागो, ट ला लागो की ठ ला. एकदा ही खूण कळली की देवनागरी फार उदार लिपी आहे. इंग्रजीसारखं 'लिहायचं एक आणि बोलायचं एक' असं तिच्यात फारसं नाही. पण ही खूण गाण्यातून कळत नाही, एकच चिन्ह निरनिराळ्या अक्षरांना लावून बघितल्यावर कळते.

आणि क्रम. बहुतेक व्हिडिओ आणि अ‍ॅप क, ख, ग, घ, ङ या वर्णमालेच्या क्रमानं जातात. व्याकरणाला तो क्रम सुंदर आहे. पण या पाच अक्षरांतून पहिलीचं पोर शब्द कोणता करणार? (ङ वाचता न आल्यानं आजवर कुणाचं काय अडलंय?) आपल्या जुन्या गुरुजींनी 'ग म भ न' उगाच लावलं नव्हतं. आकार एकमेकांच्या जवळचे, हात एकाच वळणानं फिरतो. वर एक काना दिला की नाग, मान, नाम, भान, गाभा, मामा, नाना, असे शब्द त्याच आठवड्यात तयार. म्हणजे मुलानं पहिल्याच महिन्यात काहीतरी वाचलेलं असतं. तुमच्या टीव्हीवर सादरीकरण करता येत असेल तर स्वतः पाट्या बनवा : एक अक्षर, एक काना, एक शब्द, आवाज नाही. रविवारची एक दुपार लागेल.

गिरवण्याच्या अ‍ॅपबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण टॅब आले की ती येणारच, म्हणून सांगून ठेवते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात अजून वाचता न येणाऱ्या पाचेक वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला. काही अक्षरं मुलांनी हातानं काढली, काही तुटक रेषांवरून गिरवली, काही कळफलकावर दाबली. नंतर ती अक्षरं दाखवून मेंदूची चित्रं घेतली. वाचताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात ते जागे झाले हातानं स्वतः काढलेल्या अक्षरांना. गिरवलेल्यांना नाही, दाबलेल्यांनाही नाही. बिचाऱ्या मुलांचे पहिले 'ग' वाकडे, पोट सुटलेले, उलटे निघतात. त्या वाकडेपणातच शिकणं असावं, कारण दर वेळी पोर ठरवतं की रेघ कुठे वळवायची. काचेवरचं अ‍ॅप बोट जरा इकडेतिकडे गेलं तरी चांदणी देतं. तेव्हा पाटी आणि पेन्सिल काढून टाकू नका. पाटी पुसता येते, चार्जिंग लागत नाही, आणि पडली तर तुमच्या पगारातून कापत नाहीत.

टंकलेखनाचंही तसंच. फोनवर 'कि' उमटवायचं तर आधी क दाबायचा, मग वेलांटी, आणि पडद्यावर वेलांटी उडी मारून क च्या आधी जाऊन बसते. 'सूर्य'मधला रफार तर त्याहून वाईट. कागदावर आपण य काढून त्याच्या डोक्यावर रफार देतो, फोनवर आधी र, मग हलंत, मग य. दुसरीतल्या पोराला हे दोन हिशेब एकाच वेळी शिकवायचे नसतात. चौथीत शिकवा, मजा येते. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला फरक फोनवर करून दाखवला की पोरं हसतात आणि विसरत नाहीत. बोलून लिहिण्याची सोय मुलांच्या हाती मात्र इतक्यात देऊ नका. तोंडानं बोललं की अक्षरं आपोआप पडतात, आणि श्रुतलेखन फोनच करून टाकतो.

आता ते 'केय'.

मॅडम, इथे मी तुमच्याशी थोडी भांडणार आहे. तुम्ही साताऱ्याच्या, त्यामुळे तुमच्या कानालाही ते पहिल्या वर्षी खटकलं असेल. वऱ्हाडात ळ चा य होतो : डोया, काया, आभाय. त्या मुलीनं पानावर 'केळ' बघितलं आणि 'केय' म्हटलं, याचा अर्थ तिनं क ओळखला, मात्रा ओळखली, ळ ओळखला आणि अर्थही पकडला. तिनं वाचलं. अगदी बरोबर वाचलं. चुकलं ते अ‍ॅप. त्याला शिकवलेले आवाज दुसरीकडचे आहेत. आपल्याकडे 'पाणी'ला 'पानी' म्हणणारी मुलं अर्ध्या महाराष्ट्रात आहेत. ती सगळी 'नापास' होणार असतील तर दोष कुणाचा? मुलीला तुम्ही हे उघड सांगा, सगळ्या वर्गासमोर : तू बरोबर होतीस, फोनला अजून आपली बोली येत नाही. ळ चा उच्चार नंतर येईल, गमतीनं येईल, पुस्तकातली भाषा म्हणून येईल. वाचायला शिकण्याच्या काळात तो मध्ये आणायचा नाही.

तरीही अशी अ‍ॅप टाकून द्या असं मी म्हणणार नाही. गुगलनं २०१९ मध्ये भारतात 'बोलो' आणलं, पुढे त्याचंच नाव 'रीड अलाँग' झालं. मूल मोठ्यानं वाचतं, फोन ऐकतो, अडलं तर शब्द सांगतो. ही कल्पना मला मनापासून आवडते, कारण इथे बोलतं ते मूल आणि ऐकतं ते यंत्र. तुमच्या व्हिडिओत नेमकं याच्या उलट आहे. विचार करा, तुमच्याकडे दोन वर्ग, मध्ये पोषण आहाराची गडबड, ऑनलाइन माहिती भरायची, त्यात एका मुलाचं प्रकट वाचन तुम्ही दिवसात किती वेळ ऐकू शकता? मला तर एका मुलामागे एक मिनिटसुद्धा जमत नसे. कंटाळा न करता पंधरा मिनिटं ऐकणारा कान मिळत असेल तर घ्यावा. फक्त गुण आणि चांदण्या कुठे नोंदवू नका, कुणाला दाखवू नका. आणि वर्गात सगळे एकदम वाचायला बसले तर फोनला शेजारच्याचाच आवाज ऐकू जातो. एकेक मूल व्हरांड्यात बसवा.

टीव्हीचाही एक चांगला उपयोग आहे, तोही गाण्याचाच. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून एक साधी कल्पना लावून धरली : टीव्हीवरच्या गाण्याखाली त्याच भाषेत शब्द दाखवायचे. दूरदर्शनच्या 'चित्रहार'मध्येही ते काही काळ दिसायचे. लोक गाणं ऐकता ऐकता नकळत वाचतात. तुमच्या मुलांना जे बडबडगीत पाठ आहे ते शब्दांसह लावा, दोन दिवस आवाजासह, तिसऱ्या दिवशी आवाजाशिवाय, चौथ्या दिवशी ओळींचा क्रम उलटसुलट करून. तीच आरतीची सवय इथे कामाला येते.

आता लाखभर रुपये.

प्रत्येक मुलाला यंत्र ही कल्पना नवी नाही. 'एका मुलाला एक लॅपटॉप' म्हणून जी मोठी मोहीम जगभर निघाली, तिचे हिरवे-पांढरे लॅपटॉप २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरातच्या छोट्या शाळेतही आले होते. पेरू देशानं तर ते लाखोंनी वाटले. तिथल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये बाहेर आला. पंधरा महिन्यांनी मुलांच्या भाषेत आणि गणितात काही फरक सापडला नाही. यंत्र दिलं होतं, त्यावर काय करायचं आणि ते वर्गात कुठे बसवायचं हे ठरलं नव्हतं. याच्या उलट उदाहरण दिल्लीचं. तिथे शाळा सुटल्यावरच्या केंद्रांत संगणकावर प्रत्येक मुलाला त्याच्या स्वतःच्या पातळीचे प्रश्न मिळायचे. साडेचार महिन्यांत मुलं गणितातच काय, हिंदीतही पुढे सरकली. त्याचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. पण तिथेही निम्मा वेळ माणूस शिकवायचा, बारा-पंधरा मुलांच्या गटाला, आणि मुलं बहुतेक सहावीच्या पुढची होती. अध्यक्षांना हे दोन्ही सांगा. गावकऱ्यांना हिशेब कळतो.

आणि सरांना स्वीडनचंही सांगा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर ते अर्धंच फिरतंय. चौथीच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत स्वीडनचे गुण २०१६ मध्ये ५५५ होते, २०२१ मध्ये ५४४ झाले. २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं छापील पुस्तकांसाठी पैसे काढले आणि बालवाड्यांतली डिजिटल साधनांची सक्ती मागे घ्यायचं ठरवलं. फेकून कुणी काही दिलं नाही. शिवाय ५४४ हा आकडाही जगात चांगलाच आहे, आपण त्यांच्या दुःखाचा हेवा करावा इतका. आपल्याकडे मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या १०० मुलांपैकी २७ दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली, आणि २०२२ च्या साडेवीस टक्क्यांवरून इथवर येणं हीसुद्धा सुधारणाच म्हणायची. स्वीडनमध्ये टॅबनं पुस्तकाची जागा घेतली म्हणून ओरड झाली. तुमच्या शाळेत गोष्टीची पुस्तकं किती आहेत? खरी संख्या सांगा, डेडस्टॉक रजिस्टरमधली नको. कपाटात कुलूपबंद असलेली पुस्तकं मोजायची नाहीत. 'खडू-फळा' या सरकारी मोहिमेत आलेली आमच्या शाळेची साहित्यपेटी किती वर्षं तशीच राहिली होती, कारण हरवलं तर भरून कोण देणार? टॅबचंही तेच होतं. दर शनिवारी पुसायला बाहेर निघतात.

तेव्हा माझं मत विचाराल तर अध्यक्षांना नाही म्हणू नका. गाव वर्गणी काढतंय ही केवढी गोष्ट आहे. एका सभेत नाही म्हटलंत तर पुढच्या वर्षी शाळेच्या छपराला कुणी पैसे देणार नाही. म्हणा, टॅब घेऊ, पण प्रत्येकाला नको, सगळ्यांत मिळून चार पुरेत, आणि एक प्रिंटर. शाईच्या टाकीचा, ज्याची शाई बाटलीतून भरता येते. उरलेल्या पैशांत कागदांची रिमं, शाई, आणि बघून निवडलेली गोष्टीची पुस्तकं. 'प्रथम बुक्स'चं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, त्यावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, आणि त्या छापून वाटायला परवानगीही आहे. एक गोष्ट छापा, मधोमध शिवा, मुलाला घरी न्यायला द्या. फाटली तर पुन्हा छापा. पुस्तक फाटण्याची भीती गेली की कपाटाचं कुलूप निघतं.

पण प्रिंटर मला यासाठी नकोय. प्रिंटर हवाय तो मुलांच्या स्वतःच्या वाक्यांसाठी. सकाळी परिपाठ झाला की एका मुलाला बोलू द्या. काल काय झालं? समजा ते म्हणालं, "माही माय सकाऊन वावरात जाते." हेच लिहा, जसंच्या तसं. इथे तुम्ही खुशाल फोनवर बोलून लिहा, तुम्हाला वाचायला शिकायचं नाहीये, वेळ वाचतो. फोन वऱ्हाडी शब्दांची वाट लावेल, तेवढं हातानं दुरुस्त करा. मोठ्या अक्षरांत छापा, चार प्रती काढा. त्या दिवशीचा वाचनपाठ तोच. मुलांना त्यातला प्रत्येक शब्द आधीच माहीत असतो, आता फक्त तो कागदावर कसा दिसतो ते बघायचं असतं. आठवड्यानं त्याच पानाखाली पुस्तकातल्या मराठीत तेच वाक्य येऊ द्या : माझी आई सकाळी शेतात जाते. दोन्ही बोटानं दाखवत वाचायचं. 'सकाऊन' आणि 'सकाळी' शेजारी ठेवले की तुमचा तो ळ काहीही न बोलता जागेवर बसतो. मी हे कार्बन पेपर घालून करत असे. तिसरी प्रत दिसायचीच नाही.

टॅबवर चित्रांची गोष्ट वाचताना एक बघा. २०२१ मध्ये नॉर्वेतल्या स्टॅव्हँगर विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ वर्षांपर्यंतच्या मुलांवर झालेले ३९ अभ्यास एकत्र केले होते. कागदावरचीच गोष्ट नुसती पडद्यावर आणली तर मुलांना कमी समजते. पण चित्रातली हालचाल गोष्टीचाच भाग असेल, म्हणजे पडद्यावर माकड झाडावर चढतं तेव्हाच 'चढलं' हा शब्द येत असेल, तर पडदा कागदाच्या पुढे जातो. जिथे टिचकी मारली की फुगे उडतात आणि गोष्ट बाजूला राहते, ते अ‍ॅप त्याच दिवशी काढून टाका. पुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी पालकांना सांगायचं झालं तर एवढंच सांगा : रोज एक पान, फोन बापाच्या हातात, वाचायचं मुलानं.

समितीला पटवायला आकडे लागतील, आणि ते तुमच्या फोनमध्येच तयार होतील. या आठवड्यात सतराही मुलांचं एकेक मिनिटाचं वाचन ध्वनिमुद्रित करा. 'असर'ची चाचणी वापरली तरी चालेल : अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट, एका पानावर मावते. हे पान मुलांना आधी पाठ करून देऊ नका, तो मोह होतो. मग दिवाळीच्या सुट्टीआधी तेच पुन्हा, आणि संक्रांतीच्या सुमाराला तिसऱ्यांदा. पालकसभेत टीव्ही लावा आणि एका मुलाचे तीन आवाज लागोपाठ ऐकवा, त्याच्या आईबापाची परवानगी घेऊन. मागे पडलेल्याचा ऐकवू नका, पुढे गेलेल्याचा ऐकवा. त्या सभेत टॅब किती घ्यायचे यावर फार वाद होणार नाही. 'निपुण भारत' या सरकारी वाचन-गणित मोहिमेच्या फायलीत यासाठी रकाना नाही, म्हणून साहेबांना दाखवायला जाऊ नका, ते स्वतः विचारतील तेव्हा ऐकवा.

पाच जणांना येतं, बारा जणांना येत नाही. त्या बारांचे सरळ तीन गट करा, प्रत्येक गटात एक वाचणारं मूल घाला. उरलेली दोन वाचणारी मुलं पहिलीच्या पोरांना गोष्ट वाचून दाखवू देत. रोज वीस मिनिटं, टीव्ही बंद. मग तुमचा व्हिडिओ लावा की पाहुण्यांसाठी.

आणि प्रिंटर आला की पहिली गोष्ट त्या रडलेल्या मुलीच्या तोंडून घ्या. गोष्टीचं नाव 'केय' असलं तरी तसंच छापा. एक प्रत मला पाठवा.